रुमालाखालचा आकडा

बारावीचे निकाल लागले की अजूनही कुणाचे ना कुणाचे आईवडील माझ्या दारात येतात. सांगलीत मुलींच्या शाळेत मी जन्मभर चित्रकला शिकवली, त्यामुळे या विषयातलं मला फार कळतं असा लोकांचा समज आहे. मुलगी बाजूला नखं कुरतडत बसलेली असते, आई पिशवीतून चित्रांची वही काढते आणि वडील खाकरून विचारतात, "बाई, ह्या डिझाइनच्या डिग्रीला एवढा खर्च करायचा, पण पुढं सुटतो का?"

मी चहा टाकायला आत जाते. उत्तर मला येत नाही म्हणून नव्हे, तर सदाअण्णा आठवतात म्हणून. हाच प्रश्न मला पहिल्यांदा त्यांनी विचारला होता, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. आणि तोही तोंडानं नाही, हळकुंडांनी विचारला होता.

सदाअण्णा हळदीचे अडते. शेतकऱ्यानं आणलेली हळद व्यापाऱ्याला विकून द्यायची आणि मधली अडत घ्यायची, हा धंदा. मूळचे आष्ट्याचे, पण सांगलीच्या गावभागात त्यांचं दुमजली घर होतं आणि वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत असे. अण्णांचं धोतर पांढरं म्हणून विकत घेतलेलं असायचं, एवढंच. कानाच्या पाळ्यांपासून टाचांपर्यंत हा माणूस बारा महिने पिवळा. इंदूवहिनी म्हणत, "आमच्या लग्नात ह्यांना हळद लावली ती दिसलीच न्हाई कुणाला."

त्या काळी मार्केट यार्डात हळदीचा सौदा रुमालाखाली होई. अडत्या हात पुढे करून त्यावर रुमाल टाकायचा. एकेक व्यापारी येऊन रुमालाखाली त्याची बोटं दाबायचा. जितकी बोटं, तितका भाव. बघणाऱ्याला दोन माणसं हातात हात घालून आभाळाकडे बघताहेत एवढंच दिसे. सगळ्यांची बोली मनात धरायची, चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही आणि शेवटी चांगल्या भावाला माल सोडायचा. यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता.

अडचण एवढीच की यार्डातली ही रीत अण्णा घरीही घेऊन आले होते. रुपयाचा असो, वयाचा असो की चपातीचा, कुठलाही आकडा ते तोंडानं उच्चारत नसत. "आकडा तोंडातनं भाईर पडला की शिळा झाला," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी ताप किती दिवस आहे विचारलं की हे खिशातून रुमाल काढायचे. एसटीच्या कंडक्टरला त्यांनी एकदा रुमालाखाली तिकिटं सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा कंडक्टरनं घंटी ओढून गाडीच थांबवली होती.

परस्त्रीचा हात धरणं शक्य नव्हतं. बायकांसाठी म्हणून त्यांनी दुसरी सोय केली होती. ओसरीवर एक पितळी ताट असे आणि शेजारी हळकुंडांचा डबा. माझं भाडं त्या ताटात ठरलं. त्यांनी काही हळकुंडं मांडली, मी त्यातलं एक उचलून बाजूला ठेवलं, त्यांनी अर्धं मोडून परत ठेवलं. "पटलं," ते म्हणाले. शिरगणतीला आलेल्या बाईंनी वय विचारलं तेव्हा अण्णांनी पाच मोठी आणि चार लहान हळकुंडं मांडली. बाईंनी ती आभार मानून पिशवीत टाकली आणि वहिनींना विचारून वय लिहिलं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एकदा त्यांच्याच आष्ट्याकडचा एक तात्या पहिल्यांदाच हळद घेऊन यार्डात आला. बोली झाल्यावर अण्णांनी रुमालाखाली त्याची बोटं दाबून विचारलं, एवढ्याला देऊ का? तात्याला वाटलं, गाववाला जिव्हाळ्यानं हात धरतोय. त्यानं दोन्ही हातांनी अण्णांचा हात घट्ट दाबला. अण्णा म्हणाले, "पटलं," आणि माल गेला. पैसे हातात पडले तेव्हा तात्याचं तोंड उतरलं. ते बघून अण्णांना उमगलं. ते व्यापाऱ्याच्या दुकानात गेले, चारचौघांत त्याची बोलणी खाल्ली आणि पोती परत आणली. "नवख्याचा हात धरायचा न्हाई," हा त्यांनी त्या दिवसापासून नियमच केला. घरी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाई की वहिनी भाकरी थापताना पुढची वाक्यं आपणच म्हणत.

अण्णांना एकच लेक, वैजयंता. ती माझ्या वर्गात होती. मुली फुलदाण्या आणि डोंगरामागचा सूर्य काढत, ही मात्र एकच चित्र काढी: रुमाल टाकलेले दोन हात. पानंच्या पानं तेच. मी एकदा वैतागून म्हटलं, "वैजू, हात काढायला येत नाहीत म्हणून झाकतेस होय गं?"

"न्हाई बाई," ती म्हणाली. "हितं तीन बोटं दाबलीत. आन् ह्यात आख्खा पंजा. घडीवरनं कळतं की."

मी पुन्हा पाहिलं. खरंच, प्रत्येक चित्रात कापडाची चुणी वेगळी होती. कापडाखाली काय चाललंय ते ही पोर कापडावरून वाचत होती. माझ्या सगळ्या शिक्षणात असा डोळा मी पाहिला नव्हता. त्याच संध्याकाळी मी ती वही घेऊन खाली गेले आणि अण्णांना म्हटलं, हिला पुण्याला पाठवा, कापडाच्या डिझाइनची डिग्री असते चार वर्षांची.

अण्णांनी वही चाळली. एका पानावर थांबले, मग दुसऱ्या. त्यांचा तो न हलणारा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा हललेला पाहिला. "आगं, ही पोरगी बाजार उठवंल माजा!" दुसऱ्या दिवसापासून अण्णा यार्डात रुमालाऐवजी जाडा पंचा नेऊ लागले.

पण वही त्यांनी परत दिली नाही. आठ दिवसांनी मला ओसरीवर बोलावलं आणि ताट पुढे ओढलं. "बाई, ह्यी फी," म्हणून डावीकडे हळकुंडं मांडली. मग राहण्याखाण्याची. मग रंग, कागद, कापडाची. असं चार वर्षांचं करता करता डावी बाजू भरून गेली. उजवीकडचं पितळ नुसतं चकाकत होतं.

"आन् हिकडं काय ठिवू?" त्यांनी विचारलं.

डिझाइनवाल्यांना काय मिळतं हे मला कुठे ठाऊक होतं? अण्णा मवाळ आवाजात म्हणाले, "तुमचा पगार ठिवू का? तुमीबी डिग्रीवाल्याच की."

माझा पगार त्यांना भाडं ठरवतानाच कळला होता. त्यांनी उजवीकडे तो मांडला. मी एवढंच सांगते की मी पदर सावरला आणि वर निघून आले.

अण्णांनी एवढा हिशेब मांडायचं कारण म्हणजे पेव. हरिपूरला जमिनीत पेवं आहेत, त्यात हळद वर्षानुवर्षं राहते. त्यातलं एक पेव अण्णांनी वैजूच्या लग्नासाठी भरून ठेवलं होतं. पेवाची गंमत अशी की ते एकदा उघडलं की सगळा माल बाहेर काढावाच लागतो. अर्धी हळद फीला आणि अर्धी लग्नाला असं करता येत नाही. पहिल्या वर्षीची फी भरायची म्हणजे आख्खं पेव फोडायचं आणि पुढच्या तीन वर्षांची तरतूद त्याच पैशात बसवायची. लग्नासाठी मागे काही राहणार नव्हतं. वहिनींनी एकाच वाक्यात सांगितलं, "पोरगी शिकंल, पर उद्या पाव्हणं बघाय आलं तर म्होरं डिग्री मांडू व्हय?"

त्यांच्या पाठीशी त्यांचे भाऊ होते, साताऱ्याचे मामा. एका कचेरीत कारकून. अण्णा आकडा बोलत नसत आणि मामा आकड्याशिवाय बोलत नसत. साताऱ्याहून निघालेली गाडी कितीला सुटली, कऱ्हाडला किती मिनिटं थांबली आणि दाजींनी किती पुरणपोळ्या खाल्ल्या, हे सगळं ते खणखणीत आवाजात सांगत. मीही माहेरची साताऱ्याची, म्हणून अण्णा मला चिडवत, "तुमच्याकडं मोट्यानंच बोलत्यात काय वं आकडं?" मामांनी लिफाफ्याच्या पाठीवर हिशेब मांडला. डी.एड.ला दोन वर्षं, खर्च इतका, नोकरी पक्की, पगार इतका, खर्च इतक्या महिन्यांत वसूल. डिझाइनला चार वर्षं, खर्च तितका, नोकरीपुढे प्रश्नचिन्ह. हिशेबात एकही चूक नव्हती, याचाच मला राग आला.

अण्णा म्हणाले, "माल बगितल्याबिगर भाव कसा करायचा? आदी कालिज तर बगू."

म्हणून अण्णा, वैजू आणि मी असे तिघं एसटीनं पुण्याला गेलो. कॉलेज खाजगी होतं. विभागप्रमुख दूरच्या कुठल्या प्रांतातले, दाढीवाले, सुतासारखे सरळ गृहस्थ. हळद घेताना हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तसं अण्णांनी पहिल्याच प्रश्नाला कॉलेज मोडून बघितलं. "तुमचा मागल्या सालचा माल कुटं गेला?"

"कौन सा माल?" सर दचकले. मी घाईघाईनं सांगितलं की पास झालेल्या मुलांबद्दल विचारताहेत. सर खुलले. एक मुंबईला, एक सुरतेच्या गिरणीत, एक परदेशी. "और बाकी?" अण्णांनी हिंदीत विचारलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, बाकीचे स्ट्रगल करताहेत. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "धडपडताहेत."

"म्हंजी माल पडून हाय," अण्णा म्हणाले. तरी त्यांना तो माणूस आवडला असावा. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं.

मग फीचं निघालं. सरांनी छापील कागद पुढे केला. अण्णांनी तो न बघता खिशातून रुमाल काढला, सरांचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. सर आधी घाबरले, मग त्यांना वाटलं असावं की खेड्यातली आदर दाखवायची रीत आहे. त्यांनी हात काढून घेतला नाही. रुमाल हलला, थांबला, परत हलला. शेवटी सरांनी दुसरा हात वर ठेवून अण्णांचा हात प्रेमानं दाबला आणि म्हणाले, "थँक यू, थँक यू."

"पटलं!" म्हणून अण्णा उठले. इतके खूश की स्वारगेटला त्यांनी आम्हाला उसाचा रस पाजला. गाडीत वैजू माझ्या कानाशी लागली. "बाई, अण्णांनी लय कमी सांगितलंय. आन् सर नुसतंच हात दाबत हुतं हो."

पंधरा दिवसांनी पोस्टानं पत्र आलं. प्रवेश मिळाला आहे, अमुक तारखेच्या आत पूर्ण फी भरावी. पूर्ण या शब्दाखाली रेघ होती.

अण्णांनी पत्र घडी करून ताटात ठेवलं. "हात दिऊन फिरला," ते म्हणाले. "बाई, हयात गेली यार्डात. एक सौदा मोडला न्हाई कुणी माझ्यासंगं. असल्या मानसाच्या हाताखाली पोर न्हाई धाडायची मी." मी समजावून पाहिलं. वहिनींनी समजावलं नाही, त्यांनी साताऱ्याला फोन केला. मामा दुसऱ्या दिवशी कऱ्हाडच्या एका बँकवाल्या मुलाचं स्थळ आणि नवा लिफाफा घेऊन हजर. वैजू जेवेना. मुदत सरत चालली. ही सगळी आग मी लावली, असं वहिनींच्या भांड्यांच्या आवाजावरून मला जिन्यात ऐकू येई. खोटं कशाला सांगू, दुसरी खोली शोधावी असंही माझ्या मनात आलं होतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा यार्डात निघाले, तेव्हा वैजू उंबऱ्यात आडवी उभी राहिली. मामा चहा पीत होते, मी शाळेला निघाले होते.

"अण्णा, आष्ट्याच्या तात्याची पोती तुमी माघारी का आणली?"

"आता मधीच काय त्याचं?"

"सांगा की."

"नवखा हुता त्यो. त्याला खूण म्हाईत न्हवती. नवख्याचा..." अण्णा थांबले.

"नवख्याचा हात धरायचा न्हाई," वैजूनं पुरं केलं. "मग सर काय यार्डातलं मुरल्यालं व्यापारी हुतं व्हय? त्यांनी हात दिलाच न्हाई, अण्णा. तुमी घेतला."

वहिनींचा पोळपाटावरचा हात थांबला. मामासुद्धा काही मोजत नव्हते. मग अण्णांनी जाडा पंचा खुंटीला अडकवला, चपला घातल्या आणि म्हणाले, "कंदील कुटं हाय?"

पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. तो जळत राहिला तर आतली हवा चांगली. त्या दुपारी हरिपूरला कंदील खाली गेला आणि विझला नाही, एवढं मला नंतर कळलं. हळद निघाली, विकली गेली. फी वैजूनं आणि मी रातोरात गाडी पकडून भरली.

पोती बाहेर पडताना मामा तिथे होते. न राहवून ते म्हणाले, "दाजी, लग्नाची हळद कुठं पेरताय कळतंय का? शिजवलेलं हळकुंड कधी उगवलंय का?"

"न्हाई उगवत," अण्णा म्हणाले. मग त्यांनी वैजूकडे बोट दाखवलं. "पर ही कच्चीच हाय अजून." हे मी माझ्या कानांनी ऐकलं नसलं तरी वैजूनं मला चारदा सांगितलं आहे.

ती चार वर्षं अण्णांनी कशी काढली ते ताटालाच ठाऊक. धोतरं दोनवर आली. वैजू सुट्टीत घरी आली की बोटं निळी, जांभळी. अण्णा ती उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "आपला रंग गेला की गं पोरीचा." त्यांना त्याचं खरोखरच वाईट वाटे. ओसरीवरच्या ताटातली डावी बाजू त्यांनी तशीच मांडून ठेवली होती. वहिनी सणाला ताट घासायच्या आणि हळकुंडं पुन्हा होती तशी ठेवायच्या. उजवीकडून माझा पगार मात्र त्यांनी कधीच उचलून टाकला होता, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून.

डिग्री झाली. पुण्यातच कापडावर छपाई करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात वैजूला नोकरी लागली. पहिला पगार घेऊन ती दसऱ्याला घरी आली, तेव्हा ओसरी भरलेली होती. मामा सकाळच्याच गाडीनं आले होते. वहिनींनी मलाही जेवायला बोलावलं होतं. चार वर्षांत त्यांचा राग उतरला होता, निदान भांड्यांचा आवाज कमी झाला होता.

जेवणं झाली आणि मामांनी सुपारी कातरता कातरता तोफ डागली. "वैजू, त्या कऱ्हाडच्या मुलाला आता बँकेत किती मिळतं माहितेय?" त्यांनी आकडा सांगितला. "तुझा किती?"

वैजूची मान खाली गेली. धडपडताहेत, हा माझाच शब्द मला आठवला. वहिनी पदराचं टोक पिळत होत्या.

अण्णा उठले. जाडा पंचा खुंटीला होता, तो त्यांनी घेतला नाही. खिशातून जुना, विरलेला, पिवळा रुमाल काढला, वैजूसमोर बसले आणि हात पुढे केला. बाईमाणसासाठी ताट, हा त्यांचा जन्माचा नियम. त्या दिवशी ते ताटाकडे वळलेसुद्धा नाहीत. वैजूनं एकदा वर पाहिलं आणि हात पुढे केला. अण्णांनी वरून रुमाल टाकला.

मी चित्रकलेची बाई. त्या पोरीच्या वहीतून कापडाच्या चुण्या वाचायला शिकलेली. बघू नये असं ठरवूनही माझी नजर गेलीच. रुमाल हलला. आकडा मला कळला. तो कऱ्हाडच्या मुलाच्या पगाराच्या जवळपासही नव्हता. माझ्या पगारापेक्षाही कमी होता. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावरची रेघ हलली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "बाई, तुमची नजर लय चांगली हाय," ते हळूच म्हणाले. "तोंडबी तसंच ऱ्हाऊ द्या."

ते मी आजवर राहू दिलं आहे. वैजूचं पुढे चांगलं झालं, पण ते पुढे. तिचा तो पहिला आकडा मी कुणाला सांगितला नाही, आणि दारात येणाऱ्या आईवडिलांना तर नाहीच. एवढं सगळं लिहूनही मी रुपयांचा एकही आकडा दिलेला नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. अण्णा त्यानंतरही पुष्कळ वर्षं होते. मी मात्र त्यांना आठवते ते त्या ओसरीवर.

"पटलं," अण्णा मोठ्यानं म्हणाले, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं.

"अहो दाजी, पण कितीला?" मामा कातरायचे थांबले.

"पाव्हणं, पटलं म्हणून सांगिटलं न्हवं? सौदा झाल्यावर आकडा इचारत न्हाईत."

मामांनी अडकित्ता पुन्हा उचलला. वहिनी पान लावायला लागल्या. आकडा तर केव्हाच सांगून झाला होता, तरी रुमाल अजून दोघांच्या हातांवर तसाच होता, आणि त्यावरची एकही चुणी हलत नव्हती.